भेवाचं रजिस्टर

दादाजी तालुक्याच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत सव्वीस वर्षं बसले, आणि एवढ्या वर्षांत "मले माहीत नाई" हे शब्द त्यांच्या तोंडून एकदाही निघाले नाहीत. गाडी केव्हाच निघून गेलेली असो, पुलावर पाणी चढून अडकलेली असो की मुळात रद्दच झालेली असो, खिडकीतून उत्तर एकच यायचं, "येऊन राह्यली." माणसं परत बाकावर जाऊन बसायची. अर्ध्या तासाने उठून पुन्हा विचारायची, पुन्हा बसायची. दादाजींना वाटायचं, आपण लोकांना धीर देतो.

रंजीताला हे ऐकून माहीत नव्हतं, भोगून माहीत होतं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना प्रॅक्टिकल आटोपून ती त्या बाकावर एकदा पावणेतीन तास बसली होती. शेवटी दूधवाल्याच्या टेम्पोत कॅनच्या मधे उभी राहून घरी गेली. पुढे चार वर्षांनी प्रफुलचं स्थळ आलं. मुलगी पाहायला आलेल्या माणसांत जाड चष्म्याचे एक गृहस्थ होते. त्यांनी "नाव काय तुझं, बाई?" विचारलं आणि रंजीताला तो बाक आठवला. पण स्थळ चांगलं होतं, मुलगा बल्लारपूरला नोकरीत होता, शांत होता. बापाच्या आवाजावरून मुलगा नाकारला, असं कोणाला सांगता येत नाही.

निवृत्तीनंतर दादाजींचे फार हाल झाले. खिडकी गेली, विचारणारे गेले. घरात कोणी काही विचारत नसे, कारण घरातल्यांना उत्तर ठाऊक असे. मग त्यांनी टपालाने शिकवणाऱ्या कुठल्याशा संस्थेचा सहा महिन्यांचा होमिओपॅथीचा कोर्स केला. प्रमाणपत्राला काच बसवून आणली. साठ बाटल्यांची लाकडी पेटी आणली, ओट्यावर टेबल मांडलं, समोर पेशंटसाठी स्टूल ठेवलं आणि नवी खिडकी उघडली.

पहिलं वर्ष त्यांनी सगळ्याच रोगांवर हात चालवून पाहिला. पण तापाला लाज नसते, तो गोळ्यांनी हटला नाही की पेशंट उठून सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो आणि येताना चारचौघांत सांगतो. मूळव्याध तर त्याहून निर्लज्ज. भेवाचं तसं नाही. माणूस दचकला, घाबरला, छातीत धडधडलं, हातपाय गार पडले, तरी तासाभरात ते आपोआप उतरतं, गोळी घ्या नाहीतर घेऊ नका. दादाजींना हे कधी उमगलं की नाही, कोण जाणे. त्यांच्या बाटलीला मात्र बरोबर उमगलं. भेवावरच्या ॲकोनाइटची बाटली दर पंधरवड्याला संपू लागली आणि पंचक्रोशीत त्यांचं नाव झालं, भेववाले दादाजी.

जंगलाच्या काठचं गाव. भेवाला तोटा नव्हता. सरपणाला गेलेल्या बाईला रानडुक्कर आडवं यायचं, धानाच्या बांधीत कोणाच्या पायाखालून साप जायचा, कोणाचा नवरा पिऊन यायचा. सगळे ओट्यावर. दादाजी आधी घड्याळ पाहून वेळ लिहायचे, चोवीस तासांच्या पद्धतीनं, जसं बसच्या नोंदवहीत लिहायचे तसं. मग पुस्तक उघडून प्रश्न. तहान किती लागते? घाम येतो का? अंगावर पांघरूण हवंसं वाटते का? मरून जाईन असं वाटते का? मग साबुदाण्याएवढ्या चार गोळ्या बाटलीच्या झाकणात. हात लावायचा नाही, कांदा-लसूण खायचं नाही, कापूर हुंगायचा नाही. "बसा आता. पंधरा मिनिटानं दुसरी."

रंजीताने केमिस्ट्री घेतली होती. कुठलंही द्रव्य शंभरात एक असं दोनशे वेळा पातळ केलं की खाली साखरेशिवाय काय उरतं, हे तिने लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा सासऱ्यांना समजावून सांगितलं होतं. दादाजींनी पूर्ण ऐकून घेतलं आणि तिलाच गोळ्या दिल्या. चिडचिडीवरच्या.

गावातली पोट्टी रंजीतापेक्षा हुशार निघाली. गोळी गोड असते हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. शाळा सुटली की तीन-चार जण ओट्यासमोर येऊन छातीवर हात ठेवायचे, "दादाजी, मी भेवलो." काय पाहून भेवलास, तर हेडमास्तर. दादाजी तेही गंभीरपणे लिहून घेत. रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. त्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द. आराम. आराम. आराम.

सासूबाई चंदाबाई या सगळ्यात पाणी आणून देत, बाटल्या पुसत, झाकणं धूत. काही बोलत नसत. रंजीताला वाटे, ह्या बाईला काही कळतच नाही.

त्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, रंजीताची सहा वर्षांची मुलगी पिहू संध्याकाळी सांदवाडीत पाय धुवायला गेली. सांदवाडी म्हणजे घरामागचं अंगण. तिथे पाण्याचं टाकं, बाजूला न्हाणी, थोडं पलीकडे तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, मोठा ढीग, त्यामागे काट्यांचं कुंपण, कुंपणापलीकडे बांबूची दाट रांजी आणि खाली नाला. पिहू ओल्या पायांनी, एकच चप्पल घालून आत आली. रडली नाही. आईच्या साडीला धरून म्हणाली, "आई, तनसापाशी कोणी बसून हाये."

रंजीता टॉर्च घेऊन गेली. कोणी नव्हतं. चप्पल टाक्यापाशी पडली होती. पोरीचे दात वाजत होते, तळवे गार पडले होते. तिला कुशीत घेऊन गरम दूध पाजावं आणि गप्प बसू द्यावं, एवढंच हवं होतं. पण तोवर दादाजींनी वेळ लिहून पुस्तक उघडलं होतं. "पिहू बेटा, तुले मरून जाईन असं वाटते का?"

पिहूच्या डोक्यात तोवर मरणाचं काही नव्हतं. तिने आबाजीकडे, म्हणजे दादाजींकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि आता हमसून रडायला लागली. दादाजींनी मान डोलावली. लक्षण जुळलं होतं.

दोन दिवसांनी शेजारच्या आशाबाईचा कुत्रा दिसेनासा झाला. रंजीताने सासऱ्यांना सांगितलं, वनखात्याला कळवू या, बिबट असेल. दादाजी म्हणाले, कुत्रे या दिवसांत फिरायला जातात. ती पुन्हा म्हणाली. तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पोटातलं बोलले, "वनवाले येतीन, फोटो काढतीन, गावभर करतीन. लोक का म्हणतीन? भेववाल्याच्या घरचंच भेव उतरलं नाई म्हणतीन."

रात्री फोनवर प्रफुलने नेहमीचं वाक्य म्हटलं. "बाबाचं मन राख ना थोडं. गोड गोळी हाये, तिच्यानं काय बिघडते?"

हे वाक्य रंजीताने सात वर्षांत गावातल्या शहाण्यासुरत्या सगळ्या माणसांकडून ऐकलं होतं. काय बिघडते. सरपंच तेच म्हणत, आशाबाई तेच म्हणे, नर्सबाईसुद्धा हसून तेच म्हणे. बाकावर बसून राहिल्यानं तरी काय बिघडत होतं?

बिघडायची वेळ शनिवारी येणार होती. दादाजींच्या उपचारात शेवटी एक चाचणी असे. ती पुस्तकात नव्हती, त्यांनी स्वतःच्या डोक्यातून काढली होती. गोळ्यांचा कोर्स झाला की भेवलेल्या माणसाने त्याच जागी, त्याच वेळी, एकट्याने जाऊन उभं राहायचं. पाच मिनिटं. परत आला की आराम. आजवर सगळे परत आले होते, त्याचं श्रेय बाटलीला मिळालं होतं. आता त्यांनी पिहूची चाचणी ठरवली. शनिवार, १८.४५. पिहूला त्यांनी ते गाडी सुटण्याच्या वेळेसारखं सांगितलंही. पोरीचं जेवण तुटलं. शनिवारच्या सकाळपासून ती दर थोड्या वेळानं विचारत होती, "आई, पावणेसात वाजले?"

दुपारी दादाजी झोपले तेव्हा रंजीताने रजिस्टर खाली ओढलं. खरं म्हणजे तिला काही शोधायचं नव्हतं. पिहूच्या नावापुढे त्यांनी काय लिहिलं ते पाहून मनसोक्त चिडायचं होतं. पण चिडायला म्हणून जे बसतात ते नीट वाचतात.

दिवाळीपासून चौसष्ट नोंदी होत्या. साडेचारच्या सुमारासच्या सगळ्या तिने सोडून दिल्या, त्या हेडमास्तरांच्या भेवाच्या होत्या. नवरे, सासवा, स्वप्नं सोडली. उरल्या अकरा. त्या तिने एकाखाली एक वाचल्या. 'पोचमल्लू, वय ५२. १८.३५. नाल्यावर बैल धूत असता बैल बुजला, हाही बुजला. तहान बरीच. आराम.' 'आशाबाई, वय ३८. १८.४०. कुंपणाकडून शेळी आणताना मागे धापेचा आवाज. घाम नाही. आराम.' 'आशाबाईची सासू. १९.०५. छपराच्या कवेलूवर धप्प वाजले. मृत्यूचे भय नाही. आराम.' मग पिहू. '१८.४५. टाक्यापाशी पाय धुताना.'

रंजीताने पिहूच्या चित्रकलेच्या वहीवर तीन घरं काढली, नाला काढला, ढीग काढला, आणि अकरा ठिकाणी टिंबं दिली. मग प्रत्येक टिंबाशेजारी तारीख लिहिली. लिहिता लिहिता तिचा हात थांबला. नोव्हेंबरातलं भेव नाल्यावर होतं. डिसेंबरात ते कुंपणाशी आलं. नाताळच्या सुट्टीत कवेलूवर चढलं. आता तिच्या टाक्यापाशी येऊन बसलं होतं. वेळ मात्र दर वेळी तीच, साडेसहा ते सव्वासात. गावातल्या चिकनच्या दुकानाची घाण रोज सहाच्या सुमारास नाल्यात पडत होती, त्यामागे कुत्रे येत होते, कुत्र्यांमागे ते येत होतं.

ह्या माणसाने बिबट्याचं पूर्ण वेळापत्रक लिहून ठेवलं होतं. मिनिटासकट. आणि पिहूची सोडून प्रत्येक ओळीपुढे आराम लिहिला होता. अकरा माणसांना त्याने तहान विचारली, घाम विचारला, पांघरूण विचारलं. कुठे, हे एकालाही विचारलं नव्हतं. ते त्यांनी भेवाच्या भरात आपण होऊन सांगितलं होतं.

तिने पानांचे आणि नकाशाचे फोटो काढून वनरक्षक बुधरीबाईंना पाठवले. बुधरी पलीकडच्या गावातली, रंजीताच्याच कॉलेजात दोन वर्षं मागे होती. दहा मिनिटांत तिचा फोन आला. तिने आधी विचारलं, वेळा इतक्या नीट कोणी लिहिल्या, आमच्या माणसांनाही जमत नाही. मग म्हणाली, "ताई, सातपर्यंत मी पोचतो. तोवर मागे कोणाले जाऊ देऊ नका. लेकराले तर बिलकुल नाई."

साडेसहाला अंधार दाटला. दादाजी घड्याळ बांधून, मफलर गुंडाळून आले आणि पिहूचा हात धरला. रंजीता मागच्या दारात उभी राहिली.

"मामाजी, पोट्टी जाणार नाई."

दादाजींनी चाचणीचा नियम सांगितला. रंजीताने रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे धरलं, बोट फिरवून अकरा नोंदींच्या वेळा दाखवल्या, नकाशा दाखवला, बुधरीबाई येत आहेत तेही सांगितलं. एखाद्याला वाटेल, आता तरी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला असेल. दादाजींनी आपलं अक्षर निरखून पाहिलं आणि म्हणाले, "हे सगळे बरे झाले, सुनबाई. शेरा वाच."

"बरे झाले म्हणजे का झालं? तो तिथीच हाये ना."

"तुले औषधावर भरोसा नाई."

"नाई," रंजीता म्हणाली. सात वर्षांत पहिल्यांदा.

दादाजींचा चेहरा लाल झाला. त्यांनी पिहूचा हात सोडला. मग मीच जातो म्हणाले, आबाजी जाते, पाहून घे पिहू, काही राहत नाही तिथे. रंजीताने "जाऊ नका" म्हणून दोनदा सांगितलं, त्यांच्या शर्टाची बाहीसुद्धा धरली. टॉर्च देऊ केली तर म्हणाले, उजेड नेला तर चाचणी कसली. तिला बाजूला सारून ते पायऱ्या उतरले. रंजीताने पिहूला आत ढकललं, टॉर्च काखेत दाबली, भिंतीवरची पितळी परात आणि बत्ता ओढला.

टाक्यापाशी जाऊन दादाजी घराकडे तोंड करून उभे राहिले आणि खिडकीतल्या त्या जुन्या आवाजात बोलले, "काही नाई इथी. काही नाई. सगळं..."

तिथे आवाज थांबला. त्यांनी मान मागे वळवली होती आणि ती तशीच राहिली. सात पावलांवर तणसाला टेकून काहीतरी आडवं पसरलं होतं, आणि ते हळूहळू उभं राहत होतं.

रंजीताने परात बडवायला सुरुवात केली. अशी बडवली की नंतर परातीला दोन पोचे आलेले दिसले. चंदाबाई स्वयंपाकघरातून डबे वाजवत आल्या, पलीकडून आशाबाईने पत्रा ठोकला. टॉर्चच्या झोतात पिवळं अंग एकदा लांब झालं आणि काट्यांवरून पलीकडे गेलं. रांजी करकरली. मग शांत.

दादाजी हलले नाहीत. त्यांना हाताला धरून, पायरी पायरी सांगत आत आणावं लागलं. पायजमा ओला झाला होता. टाक्यातल्या पाण्याने झाला असेल, तिथे शिंतोडे उडतातच. ते ओट्यावर आले आणि स्वतःच्या खुर्चीऐवजी पेशंटच्या स्टुलावर बसले. दात वाजत होते. बोलता येईना, म्हणून पेटीकडे बोट केलं.

चंदाबाईंनी पेटी उघडली. ॲकोनाइटची बाटली काढली, झाकणात चार गोळ्या ओतल्या. मग झाकण हातात धरूनच त्या समोरच्या खुर्चीत बसल्या, पदर नीट केला आणि विचारलं, "तहान किती लागते?"

दादाजींनी हात पुढे केला. चंदाबाईंनी झाकण थोडं मागे घेतलं. "घाम येते का? पांघरूण पायजे का?" आणि अगदी दादाजींच्याच चालीवर, "मरून जाईन असं वाटते का?"

दादाजींनी होकारार्थी मान हलवली.

सासूबाईंच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. ना हसू, ना राग. ही बाई सात वर्षं नुसत्या बाटल्या पुसत नव्हती, हे रंजीताच्या तेव्हा ध्यानात आलं. आपण हिला इतकी वर्षं काय समजत होतो, याची तिला थोडी शरम वाटली.

"कुठी होता?" रंजीताने विचारलं.

"तनसापाशी," दादाजी म्हणाले. कितीतरी वर्षांनी त्यांच्या तोंडून एक कामाची माहिती निघाली होती. मग त्यांनी आणखी एक दिली. "दोन होते. एक लहान."

ते 'एक लहान' फार महत्त्वाचं निघालं. सातला पाच कमी असताना बुधरी दोन माणसं घेऊन आली. तिने टॉर्चने ढिगाचा मागचा भाग पाहिला. तणस आत दाबून छान पलंगासारखं केलेलं होतं, एका बाजूला कुत्र्याचा पट्टा पडला होता. पिलू सोबत आहे म्हटल्यावर पिंजरा लावायचा नाही असं वरून ठरलं. मादीला कोंडलं आणि पिलू बाहेर राहिलं तर ते घरांतच घुसतं. दुसऱ्या दिवशी ढीग तिथून हलवला, रांजीखालचं झुडूप साफ केलं, चिकनवाल्याला तंबी दिली, नाल्याच्या वळणावर कॅमेरा बांधला. आठ दिवसांत कॅमेऱ्यात ती आई आणि तिचं पिलू जंगलाच्या बाजूने जाताना दिसली, आणि नंतर दिसली नाहीत.

दादाजी तीन दिवस अंथरुणावर होते. चौथ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे न्यावं लागलं, रक्तदाब वाढला होता. त्यावरच्या गोळ्या ते आता रोज सकाळी निमूट घेतात. त्यांना हात लावला तरी चालतो, कांदा-लसणाचंही पथ्य नाही. ओट्यावरचं टेबल मात्र पुन्हा सुरू झालं. येणाऱ्याला आधी गोष्ट ऐकावी लागते की वनखातं कसं त्यांच्या रजिस्टरवर चाललं, आणि स्वतः जाऊन खात्री केल्याशिवाय त्यांनी कळवू कसं दिलं नाही. ऐकणारे मान डोलावतात. रंजीता आतून सगळं ऐकते. फक्त कोणी "भेवलो" म्हणून स्टुलावर बसलं की चंदाबाई दारातून विचारतात, "कुठी?" आणि उत्तर मिळाल्यावरच झाकण धुतात.

फेब्रुवारीच्या शेवटी एका संध्याकाळी पिहू खेळून आली, पायाला चिखल होता. ती मागच्या दारात थांबली. ढिगाच्या जागी मोकळी जमीन होती, पलीकडचं कुंपण पूर्ण दिसत होतं. तिने ते नीट पाहून घेतलं, मग टाक्यापाशी गेली, दोन्ही पाय धुतले आणि दोन्ही चपला घालून परत आली. तिला कोणी जा म्हटलं नव्हतं, कोणी घड्याळ पाहिलं नव्हतं.

निदान रंजीताला तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी टेबल पुसताना रजिस्टर उघडं होतं. पिहूच्या नावापुढचा इतके दिवस कोरा असलेला रकाना भरला होता. 'ॲको. २००. चाचणी १८.२०. आराम.'

रंजीताने पेन घेतलं, 'आराम'वर एक सरळ रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, 'तणस हलवलं.'